पहिल्या महायुद्धातील शिपायांची घरची पत्रे : काही भाषिक विचार

इ. स. १९१४ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस फ्रान्समधील मार्सेल्सच्या बंदरात हिंदुस्थानी फौजेची पहिली जहाजे लागली. लाहोर व मीरत या पायदळाच्या दोन डिव्हिजना प्रथम आल्या, घोडदळ मागाहून आले. पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे वळविण्यात आले. घोडदळ मात्र १९१८ च्या वसंत ऋतूपर्यंत फ्रान्समध्येच राहिले. एकंदर सुमारे १ लाख ३८ हजार हिंदुस्थानी माणसे या आघाडीवर जाऊन आली, अथवा गेली ती आलीच नाहीत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. १९११ च्या खानेसुमारीप्रमाणे देशात लिहितावाचता येणारांचे प्रमाण शेकडा सहाच्या आतबाहेर होते, आणि फौजेत भरती होणारा तरुण बहुधा उरलेल्या चौऱ्याण्णवांपैकी असे. असे असूनही मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधील हे लोक दर आठवड्यास दहा ते वीस हजार पत्रे घरी धाडीत होते.

ज्यांस अक्षरओळख नाही त्यांनी इतकी पत्रे कशी लिहिली, हा प्रश्न इतिहासकारास किरकोळ वाटण्याचा संभव आहे. भाषेच्या अभ्यासकास तसे म्हणता येत नाही. पत्र सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, गावात वाचून दाखविणारा तिसरा आणि ऐकणारे घरदार, असा हा व्यवहार होता. पलटणीत ज्यास लिहिता येई तो दहाजणांची पत्रे लिही. इकडे गावात शाळामास्तर, कुलकर्णी किंवा टपालवाला ती मोठ्याने वाची. आपल्याकडील खेड्यांत ही पद्धत अगदी अलीकडेपर्यंत होती, त्यामुळे मराठी वाचकास ती समजावून देण्याची गरज नाही. परंतु तिचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे. असे पत्र कधीही दोघांतले राहात नाही. बायकोस लिहिलेले पत्र सासू, दीर, शेजारी ऐकणार हे सांगणारास ठाऊक असते, आणि त्या बेताने तो सांगतो. सरकारी नजर पत्रावर पडण्यापूर्वीच त्यावर घराची नजर पडलेली असते.

सरकारी नजरेची हकीगत अशी. गदर पक्षाचे वाङ्मय शिपायांच्या हाती पडू नये म्हणून १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधील हिंदुस्थानी टपालाची तपासणी सुरू झाली. तिचे ठाणे बूलोन येथे होते व प्रमुख होते कॅप्टन हॉवेल, मुलकी खात्यातील अधिकारी, सरहद्दीकडील कारभाराचा अनुभव असलेले. आरंभी येणारे टपाल पाहावयाचे होते; लौकरच जाणारेही पाहिले जाऊ लागले. सर्व पत्रे वाचणे अर्थातच अशक्य होते. त्यांतील काही निवडून त्यांचे इंग्रजी उतारे करावयाचे आणि दर आठवड्यास अहवालासोबत वरिष्ठांकडे पाठवावयाचे, अशी रीत पडली. हे अहवाल आज लंडन येथे ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यांतील निवडक साडेसहाशेच्या आसपास पत्रे डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ या नावाने प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून या विषयावरील बहुतेक लेखन त्या पुस्तकाच्या आधारे होत आले आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. मूळ पत्र लिफाफ्यात घालून पुढे गावी गेले. दप्तरात राहिला तो इंग्रजी उतारा. गावी गेलेले कागद वाळवीने, पावसाने व विस्मरणाने संपविले. म्हणजे पत्र ज्याच्यासाठी होते त्याच्या घरी ते नाहीसे झाले, आणि ज्याच्यासाठी नव्हते त्याच्या कपाटात, त्याच्या भाषेत, ते उरले. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेची सवय असलेल्या कोणासही येथील अडचण चटकन कळेल. गढवाली किंवा पंजाबी बोलणाऱ्या शिपायाचे तोंडचे शब्द लेखनिकाने बहुधा उर्दूत घातले. त्या उर्दूचे तपासणी कचेरीतील भाषांतरकाराने इंग्रजी केले, आणि तेही संपूर्ण नव्हे. आपण वाचतो ती प्रत या अर्थाने तिसऱ्या हातची होय. तिला ‘शिपायाचा आवाज’ असे म्हणण्याची जी चाल पडली आहे, ती प्रस्तुत लेखकास घाईची वाटते. उलट, हे सर्व साच्यातले लिखाण आहे, त्यात शिपाई कोठेच नाही, असे म्हणणारेही आहेत. तेही खरे नाही. कोठे साचा आहे व कोठे साचा फुटला आहे हे ओळखण्याचे काही भाषिक मार्ग आहेत, आणि त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम मायन्याचा विचार करू. उताऱ्यांत तो बहुधा गाळलेला असतो. भाषांतरकारास त्यात बातमी दिसली नाही, आणि लष्करी दृष्टीने ती नव्हतीही. पण आपल्या पत्रव्यवहारात मायना म्हणजे कुटुंबाचा नकाशाच असतो. मराठीचेच उदाहरण घ्यावे. ‘तीर्थरूप’ म्हटले की वडील किंवा प्रत्यक्ष वडीलधारे, ‘तीर्थस्वरूप’ म्हटले की वडिलांसमान मानलेले, ‘चिरंजीव’ धाकट्यास, ‘सौभाग्यवती’ आणि ‘गंगाभागीरथी’ या दोन शब्दांत तर एका बाईचे सर्व आयुष्य सांगून होते. मुलाने आईस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या ओळीवरून तिचा नवरा हयात आहे की नाही हे कळते. इंग्रजीत ‘मदर’ एवढेच उरते. त्या पत्रात पुढे शेताच्या वाटणीबद्दल किंवा धाकट्या भावाला भरतीस जाऊ देऊ नये याबद्दल काही मजकूर असला, तर आई विधवा आहे की नाही यावर त्याचा सगळा अर्थ अवलंबून असतो. मायना गाळणाऱ्याने केवळ शिष्टाचार गाळला नाही.

सर्वनामांचेही तसेच. आपल्याकडे आईस ‘तू’ व वडिलांस ‘तुम्ही’. हिंदी-उर्दूत ‘तू’, ‘तुम’, ‘आप’ अशा तीन पायऱ्या. इंग्रजीत एकच पायरी आहे. थोरल्या भावाने धाकट्यास केलेला हुकूम आणि धाकट्याने थोरल्यास केलेली काकुळतीची विनंती, दोन्ही उताऱ्यांत सारख्याच स्वरात येतात, आणि मग अभ्यासक त्या स्वरावरून शिपायाचे मनोधैर्य मोजू लागतो. मराठीत आणखी एक सोय आहे, जी उर्दूत नाही : ‘आम्ही’ म्हणजे ऐकणारा सोडून, ‘आपण’ म्हणजे ऐकणारा धरून. मराठी शिपायाने ‘आपला या लढाईशी काय संबंध’ असे घरी लिहिले, की त्यात घर, गाव, जात, कदाचित देशही येतो. ‘आमचा’ म्हटले की फक्त पलटण. इंग्रजीतून हा भेद परत मिळविणे शक्य नाही. फ्रान्सच्या संग्रहापुरता हा प्रश्न गौण आहे, कारण मराठी पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात होत्या. परंतु मराठी पत्रे जेथे कोठे हाती येतील तेथे पहिल्याने हेच पाहावयास हवे.

आता उलट बाजू. जे भाषांतरातही टिकते ते कोणते? माझ्या मते मुख्यतः उपमा आणि आडपडदा.

उपमा शेतीच्या व पावसाच्या. तोफांच्या माऱ्यास पावसाळ्याची झड, माणसांच्या मरणास भट्टीत भाजले जाणारे दाणे. ब्रायटन येथील इस्पितळात पडलेल्या एका जखमी राजपुताने जानेवारी १९१५ मध्ये नातलगास कळविले, की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे. आपल्या पूर्वजांचे जे महाभारतात ऐकले तेच हे. हे वाक्य आज फार ठिकाणी उद्धृत होते आणि त्याचे कौतुकही होते. ते साच्याबाहेरचे आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. मोठ्या संहाराला महाभारत म्हणणे ही उत्तरेकडे व दक्षिणेकडेही रोजची बोली आहे. आपल्याकडे दोन भाऊबंदांत बांधावरून मारामारी झाली तरी ‘महाभारत’ होते. त्यातील लक्षणीय भाग महाभारत हा नसून ‘हे युद्ध नव्हे’ हा नकार आहे. शिपाई युद्ध या शब्दाचा अर्थ जाणत होता. समोर जे होते त्यास तो शब्द लागू पडेना. जवळचा शब्द टाकून देण्याची ही क्रिया कोणत्याही लेखनिकाच्या ठरीव साच्यातून येत नाही.

आडपडद्याचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे ते मिऱ्यांचे. १९१५ मधील पत्रांत काळी मिरी व लाल मिरची यांचा उल्लेख येऊ लागला : काळी मिरी पुष्कळ खर्ची पडली, ती संपत आली, लाल मिरची जपून वापरतात, अशा अर्थाचा. काळी म्हणजे हिंदुस्थानी शिपाई व लाल म्हणजे गोरा, हे समजण्यास तपासणी कचेरीस वेळ लागला नाही. हॉवेल यांनी आपल्या अहवालांत नमूद केले आहे, की स्पष्ट काही न लिहिता सर्व काही कळविण्याची या लोकांची हातोटी पाहता कडक तपासणी जवळजवळ अशक्यच आहे. आणि असा गर्भितार्थ असला की पत्रलेखक खाली सुचवितो, यावर नीट विचार कर म्हणजे उमगेल. ही सूचना मोठी बोलकी आहे. गुप्त लिपीत लिहिणारा आपण गुप्त लिहीत आहो असे सांगत नसतो. येथे तो सांगतो, कारण पत्र वाचणारा मास्तर व ऐकणारी आई या दोघांनी थांबून विचार करावा अशी त्याची इच्छा आहे. तपासनीस हा या संभाषणातला आगंतुक, त्याचे काय व्हावयाचे ते होवो.

मराठी वाचकास या मिऱ्यांवरून पानिपत आठवल्याशिवाय राहणार नाही. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्रात दोन मोत्ये गळाल्याची व सत्तावीस मोहरा हरवल्याची वार्ता होती, आणि खुर्द्याची गणती नव्हती, अशी परंपरा आहे. मोती म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे शिपाईगडी. दोहोंतील साम्य उघड आहे : मनुष्यहानी ही व्यापाराच्या जिनसांत सांगितली आहे. फरकही तितकाच उघड आहे. सावकाराच्या हिशेबात साधा शिपाई खुर्दा ठरला, तो मोजलाच गेला नाही. दीडशे वर्षांनी खुर्दा स्वतः पत्र लिहू लागला, तेव्हा त्याने आपणास मिरी म्हटले, आणि मिरी संपत आल्याचा हिशेब स्वतःच दिला.

हॉवेल यांचे आणखी एक निरीक्षण येथे सांगण्यासारखे आहे. १९१५ च्या आरंभी पत्रांत पद्यरचना वाढू लागली, आणि ती त्यांना मनःस्थिती बिघडल्याचे चिन्ह वाटली. या अधिकाऱ्याच्या भाषिक कानाचे मला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे. तो नोकरीचे काम करीत होता, पण गद्यातून पद्यात जाणे ही घटना त्याने टिपली. गद्यात जे म्हणता येत नाही, किंवा म्हटले तर लेखनिकास ओशाळवाणे होईल, ते पद्यात परक्याच्या तोंडून म्हणता येते. आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांत सासुरवाशीण जे बोलते ते ती गद्यात कोणाजवळही बोलत नाही. शिपायाची गोष्ट निराळी नव्हती.

विषयांच्या बाजूने फार काही सांगत नाही. ते काम इतरांनी चांगले केले आहे. इभ्रत, सरकारचे मीठ, थंडी, पैसे पोचले की नाही, बैल कसे आहेत, रमजानात उपास कसे धरले. फ्रान्समधील म्हाताऱ्या बायांची माया, त्या आईसारख्या करतात हा वारंवार येणारा मजकूर. तेथील बाया शिकलेल्या आहेत, तेव्हा आपल्या मुलींनाही शाळेत घाला हा आग्रह. या शेवटच्या विषयाबद्दल एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. सरकारच्या मिठाचा उल्लेख किती पत्रांत आला हे मोजून राजनिष्ठा ठरविणे जितके व्यर्थ, तितकेच मुलींच्या शाळेचे उल्लेख मोजून सुधारणा ठरविणे व्यर्थ आहे. एका पलटणीत लेखनिक पाचसात. त्यांचे ठरलेले शब्द शेकडो पत्रांत जाणार. मोजदादीत माणसे मोजली जात नाहीत, लेखनिकांच्या सवयी मोजल्या जातात. शिवाय उतारे निवडणारा मनोधैर्याची बातमी शोधीत होता. ज्या पत्रात नुसते बैल व पाऊस होता ते त्याने बाजूस ठेवले, आणि बहुसंख्य पत्रे तसलीच असणार. युद्धात असलेला मुलगा घरी काय लिहितो याचे खरे उत्तर, बैलांविषयी लिहितो, असे असावे. पण त्याचा पुरावा तपासनिसाने आपणासाठी ठेवला नाही.

मेसोपोटेमियाकडे वळले म्हणजे आपल्या प्रदेशाशी संबंध येतो. तेथे गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते. १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी तीत होत्या. टाउनशेंड यांच्या हाताखाली ही फौज बगदादच्या रोखाने गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे अडली, मागे फिरून कूत येथे कोंडली गेली, आणि १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतील शिपायांस वाळवंटातून चालवीत उत्तरेकडे नेण्यात आले व पुष्कळांस रेल्वेच्या कामावर लावण्यात आले. परत आलेल्यांची संख्या थोडी.

याच कूतमध्ये एक बंगाली डॉक्टर होते, कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. ते मेसोपोटेमियातून आईस बंगालीत पत्रे लिहीत. १९१७ मध्ये रास-अल-ऐन येथे कैदेतच, चौतीस वर्षांचे असता, ते तापाने वारले. त्यांची आजी मोक्षदादेवी यांनी नातवाची ही पत्रे जपली आणि वयाच्या ऐंशीच्या घरात ‘कल्याण-प्रदीप’ या नावाने त्याचे चरित्र लिहून १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रान्सच्या संग्रहाच्या शेजारी हे पुस्तक ठेवले म्हणजे दोन दप्तरांतला फरक डोळ्यांत भरतो. एक सरकारने भीतीपोटी ठेवलेले, परभाषेत, नावागावाचे तुकडे असलेले. दुसरे आजीने ठेवलेले, मूळ शब्दांत, नातवाच्या बाळपणासकट. मुखर्जी यांची पत्रे आरंभी सरकारी डॉक्टराची आहेत. ऑक्टोबर १९१५ मधील पत्रात मात्र ते आईस सांगतात, की देशाभिमान हा धडा आपणास इंग्रजांनी शिकविला, सर्व सुधारलेली राष्ट्रे त्याचाच जयघोष करतात, आणि हा सगळा रक्तपात त्याच देशाभिमानामुळे चालला आहे. हे वाक्य बूलोनच्या कचेरीत गेले असते तर राजद्रोह म्हणून त्याचा उतारा झाला असता. आजीच्या पुस्तकात ते एका थकलेल्या मुलाने आईजवळ बोललेले वाक्य आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत. परंतु दुसरा आपणास मिळाला तो केवळ एका वृद्ध बाईने कागद टाकून दिले नाहीत म्हणून.

मुखर्जी सुशिक्षित होते, स्वतः लिहीत होते, हा आक्षेप योग्य आहे. तेव्हा न लिहिणाऱ्याचा एक दाखला देतो. जर्मनांच्या हाती सापडलेले हिंदुस्थानी कैदी बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फ येथील छावणीत होते. १९१५ साली नेमलेल्या प्रशियाच्या ध्वनिमुद्रण समितीने भाषांच्या अभ्यासासाठी त्यांचे बोलणे तबकड्यांवर घेतले. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. ११ डिसेंबर १९१६ रोजी मुद्रित केलेल्या एका शीख शिपायाचे बोलणे असे आहे, की एक माणूस होता; तो हिंदुस्थानात लोणी खाई, दूध पिई; त्याने इंग्रजांची नोकरी धरली; तो या लढाईत आला; जर्मनांनी त्यास धरले; त्यास हिंदुस्थानात जावयाचे आहे; आणखी दोन वर्षे येथे राहिला तर तो मरेल. सर्व बोलणे स्वतःविषयी, पण तृतीय पुरुषात. आपल्या जुन्या पत्रांतही लिहिणारा स्वतःस ‘अपत्ये’, ‘बालके’, ‘सेवके’ असा तृतीय पुरुषात उल्लेखितो. तो आदराचा प्रकार झाला. येथे समोर वडीलधारे कोणी नाही, एक परका पंडित आणि एक कर्णा आहे. गोष्टीतल्या राजाप्रमाणे ‘एक माणूस होता’ असे म्हणून तो स्वतःस दूर ठेवतो, आणि मग त्या माणसास घरी जावयाचे आहे असे सांगतो. कोणास पाठवावयाचे नव्हते असे हे घरचे पत्रच होय. यात लेखनिक नाही, भाषांतरकार नाही. आणि तरीही ‘मी’ नाही.

भाषाभ्यासकांनी या बाबतीत फार मान वर करावी अशी आमची कामगिरी नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट घेतली आहे : घर सोडून दूर देशी गेलेला मुलगा, उपासमार, परत येणे, बापाने गळ्यास मिठी मारणे. कोकणी, वऱ्हाडी, घाटावरची, साऱ्या बोलींत ही गोष्ट आपण जपून ठेवली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्या बोली बोलणारी खरी मुले दूर देशी गेली व त्यांनी घरी कागद धाडले, तेव्हा ते गोळा करण्याचे कोणास सुचले नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात बोलीच्या पाहणीसाठी फिरत असता एका घरी मला देवघराच्या फडताळातून एक जड, गोल कांस्यपट्ट काढून दाखविण्यात आला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायांच्या वारसांस इंग्रज सरकारने दिलेले हे पट्ट. त्यावर ब्रिटानिया व सिंह, मृताचे नाव हुद्द्यावाचून, आणि कडेने इंग्रजी अक्षरे : स्वातंत्र्य व सन्मान यांसाठी हा मेला. घरधन्याचे वय ऐंशीच्या पुढे. मृत शिपाई त्याचा चुलत आजोबा. त्याच्या बापाने तो पट्ट दरवर्षी दसऱ्यास इतर हत्यारांबरोबर पुजला, त्यावरची अक्षरे काय म्हणतात हे न कळता. मी ती वाचून मराठीत सांगितली. त्यावर तो काही बोलला नाही. पत्रे येत होती काय, असे विचारता तो म्हणाला, “येत असत. मास्तर वाचून दाखवायचे. आमच्या पणजीला पाठ होती म्हणे.” कागदांचे काय झाले? पणजी वारली तेव्हा तिच्या गाठोड्यासंगे ते नदीत सोडले. तिला पाठ असलेल्यांपैकी काही आठवते काय, असे मी पुन्हा विचारले. त्याने थोडा वेळ आठवून पाहिले, आणि मग फक्त मायना म्हणून दाखविला. त्यातला शब्द ‘गंगाभागीरथी’ होता.